हाक, हाका आणि कोल्हा

शिकारीच्या विद्येकडे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने वळावे, हे प्रथमदर्शनी काहीसे विचित्र वाटण्याचा संभव आहे. परंतु मराठीतील ‘साद’ हे संस्कृत ‘शब्द’ याचेच प्राकृत ‘सद्द’ या वाटेने आलेले रूप होय, हे ध्यानात घेतले म्हणजे हे वैचित्र्य पुष्कळसे कमी होते. रानात बसून श्वापदाला साद घालणारा पारधी एका अर्थी शब्दच उच्चारीत असतो. त्याचा श्रोता तेवढा मनुष्य नसतो. शब्द चुकला तर श्रोता येत नाही, आणि साधला तर श्रोता जिवाला मुकतो. उच्चाराची इतकी कठोर परीक्षा कोणत्याही व्याकरणकाराने घेतलेली नाही.

या विद्येचा आज सर्वांत मोठा प्रसार झालेला आढळतो तो उत्तर अमेरिकेत. तेथे कोयोटी नावाचा, लांडग्याहून लहान व आपल्या कोल्ह्याहून थोडा थोर असा श्वानकुलातील प्राणी आहे. त्याचे नाव मूळचे मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतील ‘कोयोत्ल’; स्पॅनिशमधून ते इंग्रजीत गेले. टॉमस से या प्राणिशास्त्रज्ञाने १८२३ मध्ये त्याला जे लॅटिन नाव दिले त्याचा अर्थ ‘भुंकणारा श्वान’ असा आहे. त्याला तोंडाच्या फुंकरीने वाजविण्याच्या पिपाणीने किंवा अलीकडे ध्वनिमुद्रित आवाजाने जवळ बोलावून मारण्याची कला तेथे ग्रंथ, स्पर्धा व व्यापार यांपर्यंत पोहोचली आहे. कोयोटी भारतात नाही. परंतु त्याचा भाऊबंद सोनेरी कोल्हा नाशिक जिल्ह्याच्या गावागावांत आहे, आणि त्याला साद घालून बोलावणारे लोकही आपल्या देशात होते. या दोहोंच्या आधारे, साद म्हणजे नेमके काय आणि निरनिराळ्या परिस्थितींत ती का फळते अथवा वाया जाते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. शिकारीसाठी मराठीत दोन शब्द चालतात. ‘शिकार’ हा फारशीतून आलेला; ‘पारध’ हा घरचा. संस्कृत कोशांत मृगयेला ‘पापर्द्धि’ असा एक शब्द आहे. त्याचे प्राकृत रूप ‘पारद्धि’ होय, आणि हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात या शब्दातील वर्णबदलाची नोंद घेतली आहे. पापाची समृद्धी असा अर्थ ज्या शब्दाच्या पोटात दिसतो, त्याच शब्दावरून एका संपूर्ण समाजाचे नाव पडावे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

याहून मनोरंजक आहे तो ‘हाक’ या शब्दाचा परिवार. आपण माणसाला हाक मारतो ती त्याने जवळ यावे म्हणून. बैल हाकतो तो त्याने पुढे जावे म्हणून. आणि शिकारीत हाका घालतात तो जनावराने भिऊन दूर पळावे, आणि पळता पळता बंदुकीच्या किंवा फाशाच्या तोंडी यावे म्हणून. एकाच मुळापासून बोलावणे, चालविणे व पिटाळणे असे तिन्ही अर्थ निघाले आहेत. शिकारीच्या दोन प्रमुख पद्धती, म्हणजे हाकारे घालून उठविणे आणि साद घालून बोलावणे, या भाषेच्या दृष्टीने एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत. फरक पडतो तो आवाजामुळे नव्हे, तर ऐकणाऱ्याला त्या आवाजातून काय कळते यामुळे.

संस्कृतात कोल्ह्याला ‘क्रोष्टृ’ अथवा ‘क्रोष्टु’ म्हणतात. ‘क्रुश्’ म्हणजे ओरडणे; क्रोष्टृ म्हणजे ओरडणारा. अमेरिकेतील भुंकणाऱ्या श्वानाचे नामकरण होण्याच्या कितीतरी शतके आधी आपल्याकडील जनावराला त्याच्या आवाजावरून नाव मिळाले होते. प्राकृतात ‘कोल्हुअ’ असे रूप आढळते व मराठी ‘कोल्हा’ त्याच्या जवळचा आहे. मात्र ‘क्रोष्टृ’पासून तेथपर्यंत थेट रेषा ओढताना ‘ष्ट’चा ‘ल्ह’ कसा झाला ही अडचण आड येते. त्याच ‘क्रुश्’ धातूपासून ‘क्रोश’ आणि त्यापासून आपला ‘कोस’ निघाला. हाक जेथवर ऐकू जाते तेथवरचे अंतर तो कोस. अंतर मोजण्याचे हे माप हवामानावर अवलंबून असते, हे मात्र कोसाने मोजणाऱ्यांपेक्षा पारध्यांना अधिक ठाऊक होते. त्याचा विचार पुढे येईल.

आता कोल्ह्याच्या वाणीविषयी. सायंकाळी दिवेलागणीनंतर व पहाटे उजाडण्यापूर्वी जी कोल्हेकुई ऐकू येते, तिचा मराठीत लाक्षणिक अर्थ क्षुद्रांचा गलबला असा झाला आहे. हा अर्थ कोल्ह्यावर अन्याय करणारा आहे. कोल्ह्यांचे कुटुंब बहुधा एका नर-मादीच्या जोडीभोवती असते. मागील विणीतील एखाददुसरे मोठे पिल्लू सोबत राहते. एकाने लांब, चढत जाणारा स्वर काढला की जोडीदार त्यात मिसळतो, शेवटी तुटक भुंकण्याचा व किंचाळण्याचा कल्लोळ होतो, आणि पलीकडच्या ओढ्यातील दुसरे कुटुंब उत्तर देते. कोण कोठे आहे, कोणाची हद्द कोठवर आहे, जोडी शाबूत आहे की नाही, एवढा मजकूर त्या गलबल्यात असतो. दोन जनावरे मिळून पाच-सहांचा भास उत्पन्न करतात. अमेरिकेत कोयोटीबद्दलही हाच अनुभव आहे. केवळ कानाने मोजणारा मनुष्य नेहमी अधिक मोजतो.

याखेरीज एकट्या कोल्ह्याचा एक वेगळा, भेसूर व थांबून थांबून येणारा आवाज असतो. खेड्यांतून ‘भालू ओरडते’ असे म्हणतात ते यालाच. भालूचे ओरडणे अशुभ मानले जाते. जुने इंग्रज शिकारी या आवाजाला ‘फिआल’ म्हणत व वाघ जवळपास असल्याची ती खूण समजत. अशुभ आणि वाघ हे दोन अर्थ एकमेकांपासून फार दूर नाहीत, हे सहज कळण्यासारखे आहे.

कोल्ह्याच्या या वाणीचे सर्वांत अचूक निरीक्षण पंचतंत्राच्या कर्त्याने केले आहे. निळीच्या पिंपात पडून निळा झालेला व त्या रंगाच्या बळावर वनाचा राजा झालेला कोल्हा, दुरून आपल्या जातभाईंची कुई ऐकताच राहवत नाही म्हणून तोंड वर करून ओरडतो आणि मारला जातो. त्या कोल्ह्याचे नावच चंडरव आहे. शाळेत ही कथा ढोंग उघडे पडते या बोधासाठी शिकवितात. तिच्यातील खरा आधार मात्र प्राणिशास्त्रीय आहे: हद्द राखणारा कोल्हा दुसऱ्या कुईला उत्तर दिल्यावाचून सहसा राहत नाही. कुईने कोल्हा बोलाविण्याची सर्व विद्या या एका वाक्यावर उभी आहे.

परंतु कुई ही बोलावण्याची एकच तऱ्हा झाली. दुसरी तऱ्हा भक्ष्याच्या आवाजाची. जखमी ससा जी किंचाळी फोडतो ती ऐकून कोयोटी येतो. अमेरिकेतील बहुतेक पिपाण्या याच किंचाळीसाठी बनविलेल्या असतात. टेक्ससमधील बर्नहॅम बंधूंनी विसाव्या शतकाच्या मध्यास या कलेचा मोठा प्रसार केला. आपल्याकडे बिबट्यासाठी बोकड बांधीत त्यामागेही हेच तत्त्व होते. बोकडाचे मांस हे आमिष खरे. पण त्याहून महत्त्वाचे होते त्याचे ओरडणे. धनी जवळ दिसत असला किंवा दुसरी शेळी शेजारी असली म्हणजे बोकड गप्प राहतो. म्हणून त्याला एकट्याला बांधून माणसांनी मोठ्याने बोलत निघून जावयाचे, असा प्रघात असे. म्हणजे बिबट्याला फसविण्याआधी बोकडाला फसवावे लागे.

तिसरी तऱ्हा पिलाच्या आकांताची. पिलू संकटात आहे असे ऐकून येणारे जनावर भुकेने येत नाही. ते धावून येते. शिकारीच्या साऱ्या सादांत हीच सर्वांत निर्दय साद म्हटली पाहिजे.

या तिन्हींत शिकारी आवाजाची नक्कल करतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो एका प्रसंगाची नक्कल करतो. सशाची किंचाळी हुबेहूब साधली, पण ती सलग चालू राहिली, तर ती ससा पकडला गेल्याची खूण राहत नाही. खऱ्या सशाचा दम तुटतो, मध्ये शांतता येते. कुई उत्तम साधली, पण ज्या टेकडीवर परके कुटुंब कधीच येत नाही तेथून घातली, तर तिच्यावर विश्वास कसा बसावा? वाक्य व्याकरणशुद्ध असूनही प्रसंगाला न शोभणारे असू शकते, हे भाषाशास्त्रात आपण शिकवितो. पारधी ते उपाशी राहून शिकत असे.

पारध्यांच्या स्वतःच्या विद्येत याचे उत्तम उदाहरण तितराचे आहे. पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून रानात ठेवावयाचा व सभोवती फासे मांडावयाचे. पिंजऱ्यातला तितर बोलला की त्या जागेचा मालक असलेला रानतितर भांडण्यासाठी येतो व फाशात अडकतो. संस्कृत ‘तित्तिरि’ हे नाव पक्ष्याच्या बोलण्यावरूनच पडले आहे; तेव्हा येथे पक्षी आपले नाव उच्चारून आपल्याच जातीला पकडून देतो असे म्हणावयास हरकत नाही. हा डाव विणीच्या काळात, पहाटे, साधतो. त्या काळाबाहेर तोच तितर, तोच पिंजरा, तीच जागा असूनही रान मुके राहते.

येथून आपण परिस्थितीच्या प्रश्नाकडे येतो, आणि तो नाशिक जिल्ह्याच्या भूमीवर पाहणे सोयीचे आहे. पश्चिमेस इगतपुरी व त्र्यंबक येथील घाटमाथा, मध्ये गोदावरी-कादवेचे ऊस व द्राक्षांचे खोरे, पूर्वेस येवला-नांदगावची कोरडी माळराने, अशी तीन वेगळी रंगस्थळे या एकाच जिल्ह्यात आहेत.

माळावर सर्वांत मोठा अडसर वाऱ्याचा. कोल्ह्याचा कान त्याला बोलावतो, पण विश्वास तो नाकावर ठेवतो. आवाज ऐकून तो सरळ येत नाही. वळसा घालून आवाजाच्या जागेवरून वारा जिकडे वाहत जातो त्या अंगाला जातो व हुंगतो. कोयोटीची सवय तंतोतंत अशीच आहे. म्हणून बोलावणारा कोठे बसतो यापेक्षा त्याचा वास कोठे जातो हे महत्त्वाचे ठरते. शिवाय वाऱ्याच्या दिशेने आवाज लांब जातो व विरुद्ध दिशेस तो वर उचलला जाऊन लवकर लोपतो. म्हणजे जेथे साद उत्तम ऐकू जाते तेथेच माणसाचा वासही पोहोचतो. शिकारी आणि कोल्हा यांच्यातील हा पेच कोणत्याही यंत्राने पुरता सुटलेला नाही.

निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. अशा निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेहून थंड होते व वर जाणारा आवाज पुन्हा जमिनीकडे वाकतो. मग एरवी अर्ध्या कोसावर विरणारी कुई कोसभर स्पष्ट येते. दुपारी तापलेल्या जमिनीवर याच्या उलट घडते. आवाज वर वाकतो आणि थोड्याच अंतरावर जणू सावली पडते. कोस हे माप दिवसाचे वेगळे व रात्रीचे वेगळे, असे वर म्हटले ते याच अर्थाने. लांबचा पल्ला गाठतात ते मंद्र स्वर. सशाची किंचाळी तीक्ष्ण असल्याने ती लवकर विरते. म्हणून कुई दूरच्या कोल्ह्यासाठी आणि किंचाळी जवळच्यासाठी.

थंडीच्या उत्तरार्धात बहुधा जोड्या जुळण्याचा काळ येतो व त्या वेळी कोल्हा परक्या कुईला सर्वाधिक चिडतो. गर्भाची मुदत सुमारे ६३ दिवसांची. पुढे उन्हाळ्यात बिळाशी पिले असताना आईबाप बिळाजवळ कमी बोलतात, परंतु पिलाच्या आवाजाला तत्काळ धावतात. पावसाळ्यात घाटमाथ्यावर पाऊस व ओढे, आणि खोऱ्यात बेडकांचा कोलाहल, यांत साद बुडून जाते. उभा ऊस हा आणखी एक प्रश्न. उसात राहणारा कोल्हा उत्तर देतो, पण बाहेर येत नाही. उसाला तोड लागली म्हणजे त्याच कोल्ह्याचा आडोसा एका रात्रीत जातो.

द्राक्षांचा उल्लेख झाला आहे तर एक गोष्ट सांगून टाकावी. ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ ही म्हण ग्रीक कथेतून आपल्याकडे आली. त्या कथेतला प्राणी वस्तुतः आपले खोकड ज्या जातीत मोडते त्या जातीचा. मराठीने त्याला कोल्हा केले. चूक म्हणावी तर तसे नाही, कारण कोल्हा फळे आवडीने खातो. बोरे, काकड्या, पिकलेली द्राक्षे, काहीही त्याला वर्ज्य नाही. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही घरची म्हण त्याचा आहार अधिक प्रामाणिकपणे सांगते. ज्याला झाडाखाली बोरे मिळतात तो सशाच्या किंचाळीसाठी धोका पत्करत नाही. भरल्या पोटी श्रोता बहिरा असतो.

कोल्ह्याच्या शिकारीची आणखी एक पद्धत इंग्रजांनी येथे आणली. उटकमंडसारख्या ठिकाणी विलायती खोकडाऐवजी कोल्ह्यामागे शिकारी कुत्रे सोडून घोड्यावरून दौड करीत. तीत कोल्ह्याने केवळ पळावयाचे असे. त्याच्याशी बोलावे लागत नसे. म्हणून ती आपल्या विषयाबाहेरची आहे.

कोल्ह्याशी बोलणारे लोक दक्षिणेत नोंदले गेले. एडगर थर्स्टन यांच्या १९०९ मधील दक्षिण भारतातील जाती-जमातींवरील ग्रंथात कुरुविक्कारन या भटक्या लोकांचे वर्णन आहे. ते कोल्ह्याच्या आवाजाची नक्कल करण्यात व त्याला पकडण्यात निष्णात म्हणून ओळखले जात. तेलुगू लोक त्यांना कोल्हेवाले या अर्थाच्या नावाने ओळखत आणि आज तमिळनाडूत त्यांना ‘नरिकुरवर’ म्हणतात, त्यातील ‘नरि’ म्हणजे कोल्हाच. मराठी वाचकाला चमकविणारी गोष्ट अशी की थर्स्टन यांनी त्यांना मराठी बोलणारे म्हटले आहे, आणि ‘काट्टु मराठी’, म्हणजे रानातले मराठे, असेही त्यांचे एक नाव त्यांनी दिले आहे. हे वर्गीकरण टिकणारे नाही. ते लोक स्वतःला वागिरी म्हणवितात व त्यांची वागरी बोली गुजराती-राजस्थानी-भिल्ली या पश्चिमेकडील गटाची आहे. तमिळ मुलुखात उत्तरेकडून आलेली कोणतीही अनोळखी बोली मराठी ठरत असे, एवढाच त्याचा अर्थ.

हीच दिशा आपल्या फासेपारध्यांच्या बोलीकडेही नेते. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात पारधी बोली भिल्ली बोलींबरोबर घेतली आहे. बागलाण-मालेगावकडील खानदेशीही त्याच भागात आहे. मराठीच्या ऐन मध्यात राहून शतकानुशतके आपली वेगळी बोली राखणाऱ्या या समाजाचे शब्द आपण किती टिपले? मारुती चितमपल्ली या वनाधिकारी लेखकाने, ज्यांचे २०२५ मध्ये निधन झाले, रानातील माणसांकडून पशुपक्ष्यांची नावे व सवयी कसोशीने गोळा केल्या. विद्यापीठांतील भाषाविभागांनी त्या मानाने फार थोडे केले आहे, असे म्हणणे भाग आहे.

याचे कारण आळस एवढेच नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या पद्धतीने ज्या समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला त्यांत पारधीही आले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शिक्का लोकांच्या मनातून तेवढ्या सहज पुसला गेला नाही. ज्याला पाहताच पाटील चौकीवर वर्दी देई, त्याच्यापाशी बसून त्याचे शब्द कोण लिहून घेणार? आणि ज्याला लिहिणाऱ्या माणसाचे भय वाटते तो तरी शब्द कसे सांगणार? त्यानंतर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये आला. त्यातील पुढील दुरुस्त्यांनी कोल्ह्याचे संरक्षण दृढ होत गेले. २०२२ च्या दुरुस्तीने तो पहिल्या अनुसूचीत आला असून त्याची शिकार हा आज गंभीर गुन्हा आहे. कायदा योग्यच आहे. तथाकथित ‘कोल्ह्याच्या शिंगा’साठी, म्हणजे सियारसिंगीसाठी, अजूनही कोल्हे मारले जातात; वास्तविक कोल्ह्याला शिंग नसते, आणि भाग्य उजळविणारे म्हणून जे विकले जाते ते कातडे, केस व हाड यांचे कसब असते. परंतु पोट भरण्याचे साधन गेले त्या दिवशी ते साधन सांगणारा शब्दसंग्रहही मरणपंथाला लागला, आणि त्याची भरपाई कोणत्याही अनुसूचीत नाही.

या विद्येला आज एक नवे, निरुपद्रवी काम मिळाले आहे. युरोपात, विशेषतः बाल्कन देशांत व हंगेरीत, ध्वनिमुद्रित कुई रात्री ठराविक जागांवरून ऐकवून कोल्ह्यांच्या उत्तरांवरून त्यांची गणना करतात. आपल्याकडे लांडग्यांच्या वाणीचा असा अभ्यास झाला असून, महाराष्ट्रातील लांडग्यांच्या ध्वनिमुद्रणांवर आधारलेल्या २०१९ मधील एका शोधनिबंधात त्यांच्या सुस्वर आवाजांचे चार प्रकार वेगळे केले आहेत. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील नांदूरमध्यमेश्वर, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले, तेथील गवत, बेटे व भोवतालचा ऊस यांत कोल्हे आहेत. दिवसा ते दिसणे कठीण, रात्री ऐकणे सोपे. अशा ठिकाणी कानाने मोजणे हाच मार्ग अधिक सोयीचा.

मात्र मोजणाऱ्यालाही शिकाऱ्याचे सारे नियम लागू होतात. उत्तर देते ते हद्द राखणारे कुटुंब. हद्द नसलेला तरुण, भटका कोल्हा परक्याच्या रानात तोंड मिटून असतो, म्हणून तो गणनेतून सुटतो. उलट उत्तर देणारी दोन जनावरे पाच वाटतात. वारा असेल तर एका अंगाची कुटुंबे ऐकूच येत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, एकाच जागेवरून रात्रीमागून रात्र तीच कुई ऐकविली तर कोल्हे तिला उत्तर देण्याचे सोडतात. कोणी परका आलेला नाही, केवळ आवाज आला आहे, हे ते ओळखतात. साद घालणारे शिकारी अमेरिकेतही एकदा बोलावलेल्या जागी लगेच पुन्हा साद घालीत नाहीत. म्हणून गणनेच्या नोंदवहीत स्थळ, वेळ, वारा, चंद्र व उसाची उंची यांच्याबरोबर, त्या जागी मागची साद कधी घातली होती, ही तारीखही लिहिली पाहिजे.